भ्यायला गेलो, हसून आलो

भुताचा सिनेमा पाहताना लोक हसले की तो सिनेमा फसला, असं आपण धरून चालतो. बनवणाऱ्याला घाबरवायचं होतं, लोकांना हसू आलं, म्हणजे त्याची फजिती झाली. हिशेब सरळ दिसतो. पण धुळे-जळगावच्या टॉकीजांत, गणपतीच्या मांडवापुढे आणि भाड्याच्या व्हीसीआरसमोर असे स्वस्तातले भयपट पाहत मी वाढलो, आणि तो हिशेब मला कधी पटला नाही. त्या हसण्यात टिंगल फार थोडी असायची. लोक पैसे मोजून घाबरायला येत, घाबरत, मध्येच खदाखदा हसत आणि पुन्हा घाबरत. घरी जाताना अंधाऱ्या बोळात पावलं भराभर पडायची ती पडायचीच. हसल्यामुळे भीती आटली असं होत नसे. मग ते हसू नेमकं कशाचं होतं, हा प्रश्न माझ्यासोबत बरीच वर्षं राहिला आहे.

आपल्याकडे या चित्रपटांची वाट पाडली ती रामसे बंधूंनी. त्यांचे वडील फत्तेचंद रामसिंघानी कराचीत रेडिओचं दुकान चालवत. इंग्रज गिऱ्हाइकांच्या तोंडी त्या आडनावाचं ‘रामसे’ झालं आणि फाळणीनंतर मुंबईला येताना तेच नाव सोबत आलं. १९७० साली त्यांनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ नावाचा चित्रपट काढला. तो पडला. पण मुलांच्या एक गोष्ट ध्यानात आली. पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा चढवून चोरीसाठी शिरतात, तेवढ्या प्रसंगाला प्रेक्षक सरसावून बसत होते. मग बाकी सगळं बाजूला ठेवून ती भीतीच दाखवावी असं घरात ठरलं, आणि १९७२ मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’ आला.

तो कसा तयार झाला हे ऐकण्यासारखं आहे. खर्च साडेतीन लाखांच्या आसपास. घरची माणसं, कलाकार आणि तंत्रज्ञ यांना बसमध्ये बसवून महाबळेश्वरला नेलं. सरकारी विश्रामगृहात मुक्काम आणि चित्रीकरणही तिथंच. घरातल्या बायका सगळ्या युनिटचा स्वयंपाक करत. सात भावांनी कामं वाटून घेतलेली: कुमारकडे लेखन, तुलसी आणि श्यामकडे दिग्दर्शन, गंगूकडे कॅमेरा, किरणकडे ध्वनी, अर्जुनकडे संकलन, केशूकडे निर्मितीची धावपळ. शेती करणारं एखादं मोठं कुटुंब जसं पेरणीला झाडून सगळं रानात उतरतं, तसं हे घर भुताच्या सिनेमात उतरलं होतं. पुढची वीस वर्षं त्यांनी हेच केलं. ‘दरवाजा’, ‘दहशत’, ‘पुराना मंदिर’, ‘तहखाना’, ‘वीराना’, ‘पुरानी हवेली’, ‘बंद दरवाजा’ ही नावं आमच्या पिढीला पाढ्यांसारखी पाठ होती.

एवढ्या तुटपुंज्या पैशात राक्षस उभा करायचा म्हणजे काय काय होतं, ते पडद्यावर दिसायचंच. दिवसा उन्हात चित्रण करून भिंगावर निळी काच चढवली की रात्र झाली असं मानायचं. पण झाडाच्या सावल्या जमिनीवर दुपारसारख्या ठसठशीत पडलेल्या असत. धुराचं यंत्र कमी-जास्त चालायचं, त्यामुळे एका क्षणी दाट धुकं आणि दुसऱ्या क्षणी लख्ख अंगण. तीच वीज, तोच घुबडाचा डोळा, कुत्र्याचं तेच रडणं एका चित्रपटातून दुसऱ्यात जायचं. राक्षसाचा चेहरा रबराचा, आणि रबराला भाव नसतात. राग आला तरी तोच चेहरा, आगीत जळताना तोच चेहरा. मुखवट्याच्या भोकांतून समोरचं धड दिसत नाही, म्हणून आतला माणूस हात पुढे करून जपून पाऊल टाकतो. तीच राक्षसाची चाल ठरायची. नायिका जीव घेऊन पळते, राक्षस अडखळत चालतो, आणि तरी तोच आधी पोचतो. यावर हसू येणार नाही तर काय होणार?

धुळे-जळगावच्या आमच्या खान्देशाला सिनेमाचा धंदा नवा नव्हता. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं मुख्य कार्यालय भुसावळला आहे. विदर्भापासून मध्य प्रदेश-राजस्थानपर्यंतच्या वितरणाचे व्यवहार या रेल्वेच्या जंक्शनाशी बांधलेले. रिळांचे पत्र्याचे डबे गाडीतून उतरत आणि पुढे गावोगावी जात. मोठ्या नटांचे चित्रपट आधी मोठ्या शहरांत चालून मग आमच्याकडे यायचे. रामसेंचं गणित उलट होतं. त्यांचा खरा प्रेक्षक लहान गावांतला, रात्रीच्या खेळाचा, पुढच्या बाकांवरचा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. दिवसभर कोणी घराबाहेर पडत नाही आणि रात्री नऊनंतर गाव जागं होतं. तेव्हाच्या खेळाला भुताचाच सिनेमा हवा. भत्त्याची नाहीतर शेंगदाण्याची पुडी घ्यायची, बाक पकडायचा, आणि पंख्याच्या घरघरीत अंधार कधी होतो याची वाट पाहायची.

‘पुराना मंदिर’ १९८४ सालचा. मी तो पाहिला नंतर, कॉलेजात असताना, धुळ्यात तो पुन्हा लागला तेव्हा. त्यात आपली माणसंही आहेत. येवल्याच्या ललिता पवार आहेत, आणि ‘अर्धसत्य’मधल्या रामा शेट्टीच्या कामाने वर्षभरापूर्वीच गाजलेले सदाशिव अमरापूरकर आहेत. सामरी नावाच्या सैतानाचं डोकं एकीकडे आणि धड दुसरीकडे ठेवलेलं असतं. ते दोन्ही एकत्र आले की संकट उभं राहणार, अशी गोष्ट. चित्रपटात विनोदाची सोयही मुद्दाम केलेली आहे. जगदीप ‘शोले’तल्या गब्बरची नक्कल करत स्वतंत्र कथानकात वावरतो. आमच्या टॉकीजमध्ये त्याचे प्रसंग सुरू झाले की लोक बिडी ओढायला आणि पाय मोकळे करायला उठत. हसण्यासाठी लिहिलेल्या जागी हसू तुरळकच यायचं. सामरीची चाहूल लागली की मात्र सगळे आपापल्या जागी, आणि भीती व हसू दोन्ही एकदम.

त्या रात्रीचा गलका मला आजही ऐकू येतो. नायिका पाठमोरी, मागून सावली सरकते, आणि पुढच्या बाकांवरून आरोळी येते, “मांगे दख वं माय, मांगे दख!” दुसरा ओरडतो, “पय, पय!” ती पळत नाही, उलट हाक मारत अंधारात शिरते, आणि सगळं थिएटर हसतं. पण तिला हाक मारणाऱ्याच्या आवाजात खरी कळकळ असते. तो पडद्यावरच्या पोरीला ‘माय’ म्हणतो, घरच्या पोरीला म्हणावं तसं. तिचं काही वाईट होऊ नये असं त्याला मनापासून वाटतं. तिने ऐकलं नाही याचं हसू येतं, ते आपल्या घरातलं हट्टी माणूस ऐकत नाही तेव्हा येतं तसलं. सिनेमाला फसलेला ठरवणाऱ्या हसण्याचा हा सूर नव्हे. सिनेमाशी बोलणारे लोक होते ते.

या हसण्याचा दुसरा धडा मला जळगावात मिळाला. जुन्या जळगावात गणपतीत भाड्याने रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणून रात्रभर कॅसेटी लावायची पद्धत होती. रामसेंचं चाललेलं पाहून अनेकांनी तसले चित्रपट काढले. एके रात्री त्यांतला एक लागला. राक्षस अंगभर काळ्या झग्यातला. तो कॅमेऱ्याकडे पाठ करून वळला, आणि मानेपासून कमरेपर्यंत गेलेली चेन दिसली. त्याच क्षणी त्याने हात उंचावला, तर पंज्याचा रबरी मोजा खाली घसरला आणि आतलं साधं मनगट उघडं पडलं. पोरांनी मांडव डोक्यावर घेतला. “तेना मोजा सरकना रे भो!” म्हणून एकेक जण लोळत होता.

गल्लीत कपडे शिवणारे एक जिभाऊ मागे खुर्ची टाकून बसले होते. अमळनेरकडचे, मितभाषी माणूस. तेही हसले. मग त्यांनी कॅसेट थोडी मागे घ्यायला लावली आणि चेनेची जागा पुन्हा पाहिली. म्हणाले, “घाईमा शिवेल शे. रातभर बसीसन शिवेल व्हई कोनीतरी.” काळ्या कापडावर काळा दोरा कंदिलाच्या उजेडात दिसत नाही, टाका सरळ जात नाही, वगैरे ते आपल्या मनाशी सांगत राहिले. त्यांना तो झगा शिवणारा माणूस दिसला होता. मुंबईतला कोणीतरी अनोळखी शिंपी, सकाळी चित्रीकरण आहे म्हणून रात्री डोळे फोडून बसलेला. जिभाऊंचं हसू त्याने कमी झालं नाही. पुढच्या वेळी चेन दिसली तेव्हा ते पुन्हा हसले, पण आता त्या हसण्यात ओळख होती. आमचंही तसंच झालं. त्यानंतर मला राक्षस दिसला की त्याच्या झग्याची शिवण दिसते, आणि शिवण दिसली की शिवणारा.

मला वाटतं, या हसण्याचं मर्म इथं आहे. राक्षस पूर्ण खरा वाटला तर आपण फक्त घाबरतो. तो पूर्ण खोटा असला तर कंटाळून उठतो. पण तो खरा वाटता वाटता त्याच्या आतून एक माणूस डोकावतो, घामेजलेला, मुखवट्यात कोंडलेला, आपल्याला घाबरवण्यासाठी मनापासून धडपडणारा. आपल्या भीतीचा असा अचानक माणूस होतो, त्याचं ते हसू असतं. सुटकेचं हसू आणि ओळखीचं हसू त्यात एकत्र मिसळलेलं असतं.

हे काही फक्त सिनेमाने शिकवलेलं नाही. धुळे जिल्ह्याच्या पश्चिमेला, साक्री तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात कोकणा समाजाची गावं आहेत. तिथं उन्हाळ्याच्या तोंडावर भोवाडा होतो. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मोठाले मुखवटे, त्यात गणपती, शारदा, नरसिंह, वेताळ, रावण अशी सोंगं, संबळाच्या ठेक्यावर पुढे-मागे होत रात्रभर नाचायची. एकदा मी तो जवळून पाहिला. रावणाचं सोंग नाचून आलं, मुखवटा उतरवला, आणि आतून वीस-बाविशीचा पोरगा निघाला. हनुवटीवर दोरीचा वळ उठलेला, कपाळाचा घाम डोळ्यांत जात होता. त्याने आधी पाणी मागितलं. शेजारची पोरं त्याला नावाने हाक मारून हसत होती, कारण नाचताना त्याचा तोल गेला होता. त्याच पोरांपैकी सर्वांत लहान पोर, तो मुखवटा घालून नाचत असताना, आईच्या मागे दडून रडलं होतं. आणि म्हाताऱ्या बाया सोंगापुढे हात जोडत होत्या. आत कोण आहे हे गावात प्रत्येकाला ठाऊक होतं. रडणं, हसणं आणि हात जोडणं या तिन्ही गोष्टी एकाच मुखवट्यासमोर चालू होत्या आणि कुणालाही त्यात विसंगती वाटत नव्हती.

भारतीय सिनेमाची सुरुवातही याच समजुतीने झाली. दादासाहेब फाळक्यांच्या १९१७ सालच्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या. स्त्रिया पडद्यावर यायला सहसा तयार नसत त्या काळची ही गोष्ट. सीतेचे दंड चांगले कमावलेले दिसत, आणि ते प्रेक्षकांच्या नजरेतून सुटले नसणार. तरीही पडद्यावर राम आला की लोक पायातल्या वहाणा काढून ठेवत, असं तेव्हाचं वर्णन आहे. १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आणि कारागिरांनी बनवलेल्या अजस्र सापाशी झुंजली. आज पाहताना तो साप बनवलेला आहे हे सरळ दिसतं, आणि त्या मुलीचा आवेश पाहून हसूही येतं. मात्र त्या हसण्याने कृष्ण लहान होत नाही. जुन्या प्रेक्षकाला हे दोन्ही एकाच वेळी जमत होतं: करामत ओळखायची आणि तरी तिच्यापुढे शरण जायचं.

जगात इतरत्रही हेच घडलं. १९५४ साली जपानमध्ये ‘गोजिरा’ आला, ज्याला आपण गॉडझिला म्हणतो. बाहुली कणाकणाने हलवून चित्रण करायला वेळ आणि पैसा नव्हता, म्हणून माणसालाच पोशाखात घातलं. पहिला पोशाख शंभर किलोंच्या आसपास होता, आणि आत होते हारुओ नाकाजिमा. दिव्यांच्या उष्णतेत ते काही मिनिटांपलीकडे उभे राहू शकत नसत. लुटुपुटूच्या इमारती तुडवणारा तो राक्षस आज अनेकांना गमतीचा वाटतो. पण त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती, आणि हिरोशिमाला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. त्या रबरी पोशाखात एका देशाचं दुःख भरलेलं होतं.

अमेरिकेत तर पैशाच्या टंचाईने अजब गोष्टी घडवल्या. १९५३ सालच्या ‘रोबोट मॉन्स्टर’मध्ये परग्रहावरचा यंत्रमानव हवा होता, पण त्याचा पोशाख परवडेना. एका नटाकडे स्वतःचा गोरिलाचा पोशाख होता. मग गोरिलाच्या धडावर शिरस्त्राण चढवलं आणि तोच यंत्रमानव ठरला. एड वूडच्या १९५५ सालच्या ‘ब्राइड ऑफ द मॉन्स्टर’मध्ये रबरी ऑक्टोपस आहे, पण त्याला हलवणारी मोटार नव्हती. त्यामुळे ऑक्टोपसच्या तावडीत सापडलेल्या माणसाला त्याचे पाय स्वतःच्या हातांनी अंगाभोवती हलवत किंचाळावं लागलं. आपल्याला मारणाऱ्या राक्षसात आपणच जीव ओतायचा! हे दृश्य मी पाहिलं तेव्हा पोट धरून हसलो, आणि हसता हसता मला त्यात नटाच्या सगळ्या पेशाची व्यथा आणि थोरवी दिसली. समोर काहीच नसताना आहे असं मानायचं, आणि तेही इतक्या जिद्दीने की बघणाऱ्याला निदान त्याची जिद्द तरी खरी वाटावी.

जाणकार यावर सांगतात की भीती न दाखवण्यात असते. १९७५ सालच्या ‘जॉज’मध्ये यांत्रिक शार्क सारखा बिघडत होता, म्हणून स्पीलबर्गने तो बराच वेळ दाखवलाच नाही, आणि त्यानेच चित्रपट अधिक थरारक झाला. कलेच्या दृष्टीने हे अगदी बरोबर आहे. आपल्याकडे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथा वाचताना जो काटा येतो, तो न सांगितलेल्या गोष्टीचाच असतो. पण रात्रीच्या खेळाला आलेल्या हमालाने, गिरणी कामगाराने, मार्केट यार्डातल्या मापाड्याने राक्षस पाहण्यासाठी पैसे दिलेले असत. सावली दाखवून त्याला घरी पाठवणं रामसेंना मंजूर नव्हतं. त्यांनी राक्षस पुरा दाखवला, भर उजेडात, शिवणीसकट. त्या उघडेपणात मला एक प्रकारचा सच्चेपणा वाटतो. आपल्याजवळ जे आहे ते सगळं त्यांनी मांडलं, हातचं राखलं नाही. हसू येणं ही त्याची किंमत होती आणि ती त्यांनी मोजली.

म्हणूनच हा विनोद ठरवून करता येत नाही. महेश कोठारे यांच्या १९९३ सालच्या ‘झपाटलेला’मध्ये रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचू आहे, तिथं भीती आणि विनोद दोन्ही जाणूनबुजून, कौशल्याने विणले आहेत, आणि तो आनंद निराळा, पुरा मान्य. पण ‘चला, आपण एक मुद्दाम वाईट सिनेमा काढू’ म्हणून जे काढले जातात, ते पाच मिनिटांत निर्जीव वाटतात. त्यात कुणी काही पणाला लावलेलं नसतं. मोजा घसरला तर तो घसरवलेला असतो. खाली मनगट दिसतं, पण त्या मनगटाला घाम नसतो.

धुळ्याहून आग्रा रोडने तासाभरावर मालेगाव आहे. तिथल्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला, यंत्रमागाच्या गावातल्या हौशी माणसांना घेऊन. ते विडंबन होतं, हसवण्यासाठीच केलेलं. पुढे त्यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ करायला घेतला, आणि फैझा अहमद खान यांनी त्या खटपटीवर २००८ साली ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. त्यातला सुपरमॅन म्हणजे शफीक शेख नावाचा यंत्रमाग कामगार, अंगाने अगदी किरकोळ. त्याला उडवायचं कसं यासाठी सगळ्यांनी केलेली यातायात पाहताना हसू आवरत नाही. पण ते हसू विडंबनाच्या संवादांवर येत नाही. आभाळात उडायची त्या माणसाची इच्छा खरी आहे, त्याच्यापाशी साधन काहीच नाही, आणि तरी तो उडायला निघाला आहे, याचं ते हसू आहे. कथेत हा सुपरमॅन तंबाखूच्या साम्राज्याशी लढतो. प्रत्यक्षात शफीक तरुण वयातच कॅन्सरने गेला. हे ठाऊक झाल्यावर त्या उड्डाणाकडे पाहताना हसू थांबत नाही, पण आवंढाही गिळावा लागतो.

या चित्रपटांविषयी जिव्हाळा बाळगताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्यांत बायकांचं अंग दाखवून गल्ला भरायची सवय होती. बुटकी माणसं, कुबड असलेली माणसं, भाजलेल्या चेहऱ्याची माणसं यांना एकतर हास्यास्पद नाहीतर दुष्ट दाखवलं जायचं. जंगलातले लोक म्हणजे नरबळी देणारे, असा समजही त्यांनी पसरवला. भोवाड्यातल्या माणसांना जवळून पाहिलेल्या कुणालाही ते खुपेल. रबरी मोज्यावरचं हसू आणि अशा चित्रणावरचं हसू एक नाही. एका हसण्यात राक्षसाचा माणूस होतो. दुसऱ्यात माणसाचा राक्षस केलेला असतो. थिएटरच्या अंधारात ही दोन्ही हसणी शेजारी शेजारी बसलेली होती, आणि ती निवडून वेगळी करणं हे बघणाऱ्याचं काम आहे.

सामरी झालेले अनिरुद्ध अगरवाल, पडद्यावरचं नाव अजय अगरवाल, हे या बाबतीत मला फार महत्त्वाचे वाटतात. रुडकीला शिकलेला हा स्थापत्य अभियंता, सहा फुटांहून बराच उंच, हाडापेराने दणकट. त्यांना फारसा मुखवटा लागत नसे. चेहरा त्यांचाच होता, उंची त्यांची, चालण्यातला भारदस्तपणाही त्यांचाच. ते पडद्यावर आले की आमच्या टॉकीजमधलं हसू खरोखरच थांबायचं. तिथं शिवण नव्हती, मोजा नव्हता. एक नट आपल्या शरीराने काम करत होता आणि ते काम अस्सल होतं. लोकांना न सांगता हे कळत होतं. हसायचं कुठं आणि गप्प बसायचं कुठं, हा विवेक त्या बाकांवर बसलेल्या माणसांना होता.

आता टॉकीजा बंद पडल्या किंवा पाडल्या गेल्या. काहींची नावं फक्त चौकांना उरली आहेत. तुलसी रामसे २०१८ च्या अखेरीस आणि श्याम रामसे २०१९ मध्ये गेले. त्यांच्या चित्रपटांचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे मोबाईलवर फिरतात, खाली हसरे चेहरे चिकटवलेले. माझी भाचरं ते बघून हसतात, आणि हसावंच. पण एवढ्याशा तुकड्यात फक्त घसरलेला मोजा दिसतो. अडीच तास त्या माणसांच्या सोबत बसल्याशिवाय, एकदा तरी दचकल्याशिवाय, त्या हसण्याला पुरा अर्थ येत नाही. म्हणून मी त्यांना आग्रहाने सबंध चित्रपट दाखवतो. सुरुवातीची श्रेयनामावलीही पुढे पळवू देत नाही. रंगभूषा कुणाची, वेशभूषा कुणाची, कॅमेरा कुणाचा हे वाचायला लावतो. आजचे राक्षस संगणकावर घडतात. त्यांच्यामागेही शेकडो माणसांचे कष्ट आहेत, पण ते कष्ट पडद्यावर दिसू न देणं हेच त्या कामाचं यश मानलं जातं. जुन्या स्वस्तातल्या राक्षसाला ते जमलं नाही. त्याच्या कारागिराचं काम पाहणाऱ्यापासून लपून राहिलं नाही, आणि पाहणारा त्याच्याशी आपलं नातं जोडू शकला. फसलेल्या कामातही ते करणाऱ्या माणसाला मान देता येतो, हे मी कुठल्या थोर कलाकृतीपाशी शिकलो नाही. ते मला खान्देशातल्या प्रेक्षकांनी हसत हसत शिकवलं, आणि भाचरांनी या चित्रपटांतून दुसरं काही नेलं नाही तरी चालेल, एवढं मात्र न्यावं असं मला वाटतं.